११००डीवरून पुढे कुठे? बॅडमिंटनच्या फोटोंसाठी कॅमेरा बदलतानाच्या नोंदी

६ जानेवारी

माझ्याकडे कॅननचा ११००डी आहे. २०११ सालचं मॉडेल, १२ मेगापिक्सेलचं. सोबत किटची १८-५५, एक ५५-२५० आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम अशा तीन लेन्स. भाची बॅडमिंटन खेळायला लागल्यापासून मी तिच्या हॉलमध्ये फोटो काढते, आणि गेल्या स्पर्धेनंतर तिनं एकेक फोटो बघत विचारलं, "मावशी, यात शटल कुठे गेलं?" शटल होतं, पण पांढरट फराट्यासारखं. तिचा हातही तसाच.

त्या रात्री ठरवलं, आता कॅमेरा बदलायचा. बजेट मोठं नाही, त्यामुळे सुरुवातीच्या वर्गातलाच किंवा त्याच्या एक पायरी वरचा डीएसएलआर (आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा). नवा नाहीतर सेकंडहँड, दोन्ही चालेल. ज्यांना हाच निर्णय घ्यायचाय त्यांना उपयोग होईल म्हणून चुकांसकट सगळं लिहून ठेवतेय. किमती दर ठिकाणी आणि दर महिन्याला वेगळ्या, म्हणून शेवटी घेतलेल्या बॉडीची (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) किंमत १०० धरून बाकीचा खर्च त्या प्रमाणात मांडणार आहे.

९ जानेवारी

तीन संध्याकाळी तुलनेचे तक्ते वाचण्यात गेल्या. सगळे मेगापिक्सेलपासून सुरू होतात. कॅनन १५००डी २४.१ मेगापिक्सेल, निकॉन डी३५०० २४.२, डी५६०० २४.२, कॅनन ८००डी २४.२, पेन्टॅक्स के-७० सुद्धा २४. वाचून इतकंच कळलं की या आकड्यावरून निवड होणार नाही.

मग तक्ते मिटले आणि जुने फोटो उघडले. शेवटच्या तीन खेपांचे एकूण ११६४. त्यातले ८७१ मी टाकून दिले होते, पण कचरापेटी रिकामी केली नव्हती हे नशीब. एकेक उघडून का टाकला ते वहीत लिहिलं. दोन रात्री लागल्या.

खेळाडूच्या हालचालीनं हललेले ४१८. फोकस भलतीकडे गेलेले २३१. क्षण हुकलेले, म्हणजे शटल रॅकेटवरून निघून गेल्यावर शटर पडलं किंवा कॅमेरा मध्येच अडकला, असे १२८. रंग किंवा उजेड बिघडलेले ४४. फक्त फोटो दाणेदार आला म्हणून टाकलेले २२. बाकी किरकोळ २८. मेगापिक्सेल कमी पडले म्हणून टाकलेला एकही फोटो नव्हता.

कुठलाही कॅमेरा बघायच्या आधी ही मोजणी करा असं मी कळकळीनं सांगेन. त्या दोन रात्री वाया गेल्या नाहीत.

१३ जानेवारी

हललेल्या फोटोंची माहिती काढून पाहिली. जवळजवळ सगळे ५५-२५० नं, पूर्ण झूमवर एफ/५.६ (हा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) ३२००, शटर १/१२५ सेकंद. आयएसओ ६४०० ला नेला तर १/२५०, आणि ११००डी त्याच्या वर जातच नाही. स्मॅश मारणारा हात १/२५० ला थांबत नाही, त्याला निदान १/५०० लागतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा हात स्थिर धरतं, खेळाडूचा नाही.

हे कळायला इतकी वर्षं लागली याचं वाईट वाटलं, कारण ५० एमएम एफ/१.८ कपाटातच होती. एफ/५.६ वरून एफ/२ वर आलं की तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त मिळतो. त्यातले दोन स्टॉप शटरला दिले तर १/१२५ चा १/५०० होतो, आणि उरलेल्या एकात आयएसओ ३२०० वरून १६०० वर येतो. मला वाटलं, प्रश्न सुटला, कॅमेरा बदलायची गरजच नाही.

२० जानेवारी

५० एमएम घेऊन पूर्ण सकाळ हॉलमध्ये. मॅन्युअल मोड, एफ/२, १/५००, आयएसओ १६००. कोर्टाच्या बाजूला खाली बसून ४२० फोटो.

टाकलेले २९८. हललेले फक्त ३१. इथपर्यंत उत्तम. पण फोकस चुकलेले ९२, क्षण हुकलेले ३८, इतर ११, आणि रंग-उजेड बिघडलेले १२६! ज्या कारणाचे आधी हजारात ४४ होते ते आता सगळ्यांत वर.

लागोपाठच्या तीन फ्रेम बघा. पहिलीत भाचीचा पांढरा टी-शर्ट पांढरा. दुसरीत तोच टी-शर्ट मळकट पिवळा, आणि फोटो एक स्टॉप तरी काळा. तिसरीत वरचा अर्धा भाग नीट, आणि कमरेच्या खाली तपकिरी पट्टा, जणू कुणीतरी चहाचं पाणी ओतलंय. सेटिंग तिन्हीत तंतोतंत तेच.

२३ जानेवारी

दोन संध्याकाळी व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे दिव्यानुसार रंग जुळवायच्या सेटिंगच्या मागे गेल्या. ऑटो काढून ट्यूबलाइट लावला, मग पांढऱ्या कागदावर कस्टम घेतला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मनात भरलं की सेन्सर जायला लागलाय, आणि कुठल्याही विचाराविना मी १५००डी घ्यायला निघाले होते. नवी, वॉरंटीची, तीच एलपी-ई१० बॅटरी, म्हणजे माझ्या दोन जादा बॅटऱ्याही चालल्या असत्या. घेतली असती तर फार पस्तावले असते.

थांबले ते एका साध्या कारणानं. सेन्सर जात असेल तर उन्हातले फोटोही बिघडायला हवेत, आणि ते तर स्वच्छ येत होते.

२४ जानेवारी

घरी चाचणी केली. हॉलमध्ये आहेत तशा जुन्या चोकच्या ट्यूबखाली पांढरा कागद भिंतीला चिकटवला, कॅमेरा स्टँडवर. १/५०० वर लागोपाठ २० फ्रेम, मग १/१०० वर २०, मग १/५० वर २०.

१/५०० च्या वीस फ्रेम वीस तऱ्हेच्या. १/१०० च्या आणि १/५० च्या अगदी सारख्या, एकाच्या जागी दुसरी ठेवली तरी कळणार नाही अशा. तोच कागद दुपारी खिडकीच्या उजेडात १/५०० वर काढला तेव्हा वीसही सारख्या.

पाणी कुठे मुरतंय ते कळलं. ५० हर्ट्झच्या विजेवर अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होते, ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. डोळ्यांना दिसत नाही. १०० च्या हिशेबानं एक फेरा १० मिलिसेकंदांचा. १/१२५ म्हणजे ८ मिलिसेकंद, त्यात जवळजवळ पूर्ण फेरा येतो, म्हणून जुन्या फोटोंत रंग फारसा बिघडला नव्हता. १/५०० म्हणजे २ मिलिसेकंद. ते फेऱ्याच्या शिखरावर पडतील की खड्ड्यात, हे नशिबावर. खड्ड्यात उजेड कमी असतोच, वर ट्यूबच्या आतल्या लेपाचा पिवळा भाग मागे रेंगाळतो, म्हणून मळकट रंग.

आणि तो पट्टा? या वर्गातल्या कॅमेऱ्यांत साधारण १/२०० च्या वर शटर पूर्ण उघडंच नसतं. दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. फट वर असताना दिवा तेज आणि खाली पोचेपर्यंत मंद, की फोटोचे दोन भाग दोन रंगांचे.

म्हणजे लेन्सनं हालचालीचा दोष काढला, आणि त्यानंच दिव्याचा दोष उघडा पाडला. १/१०० वर खेळ थांबत नाही, १/५०० वर दिवा थांबत नाही. खेळ चालू असताना फ्लॅश मारणं खेळाडूंच्या डोळ्यांवर अन्याय आहे, तो मी मारणार नाही. उपाय बॉडीतच हवा.

२८ जानेवारी

आता तक्ते पुन्हा उघडले, पण हातात प्रश्न घेऊन. दिव्याचं लुकलुकणं ओळखून शिखरावरच शटर सोडणारी सोय कुठल्या कॅमेऱ्यात आहे? कॅननमध्ये त्याला अँटी-फ्लिकर शूटिंग म्हणतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा सेन्सरच दिव्याची लय पकडतो आणि बटण दाबल्यावर शटर क्षणभर रोखून तेजाच्या वेळी सोडतो. ही सोय २०१४ मध्ये ७डी मार्क २ मध्ये आली, २०१५ मध्ये ७५०डी-७६०डी मध्ये उतरली, नंतर ८०डी, ७७डी, ८००डी मध्ये. १५००डी मध्ये नाही. शिवाय १५००डीचे फोकस पॉइंट माझ्याइतकेच नऊ, त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), आणि वेगही तोच, सेकंदाला तीन फ्रेम. माझ्या वहीतल्या मोठ्या चार दोषांपैकी एकही तिनं सुटला नसता.

निकॉनकडे मन बरंच ओढलं. डी३५०० बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅम, एका चार्जवर १५५० फोटो. डी५६०० ला ३९ फोकस पॉइंट आणि वळणारा पडदा. पण डी५६०० मधला फ्लिकर कमी करायचा पर्याय व्हिडिओसाठी आहे. फोटोसाठी तो हवा तर डी७५०० पर्यंत जावं लागतं. डी३५०० आणि डी५६०० मध्ये फोकसची मोटर बॉडीत नाही, त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डी सारख्या जुन्या लेन्स हातानंच फोकस कराव्या लागतात. निकॉनच्या सेकंडहँड लेन्सवर डोळा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात असू द्यावं. उलट बाजूनं, डी३१०० सारख्या जुन्या बॉडीला नव्या एएफ-पी लेन्स चालत नाहीत.

के-७० मला मनापासून आवडला. या वर्गात खरं काचेचं पेंटाप्रिझम (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सरळ दाखवणारा ठोकळा), १०० टक्के दिसणारा व्ह्यूफाइंडर, पावसापासून संरक्षण आणि बॉडीतच स्टॅबिलायझेशन. डोंगरात फिरणारी असते तर तोच घेतला असता. पण हलतोय खेळाडू, आणि लेन्स तिन्ही नव्यानं घ्याव्या लागल्या असत्या.

मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचा सल्ला तिघांनी दिला. चुकीचा नाही. पण माझ्या ईएफ लेन्स उद्या अडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेसवर चालणारच आहेत (ईएफला माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर लागतात, नव्या आरएफला २०, मधली जागा अडॅप्टर भरून काढतो), त्यामुळे आज लेन्सवर केलेला खर्च बुडत नाही. आज माझ्या पैशांत जुना डीएसएलआर जास्त देतो.

३ फेब्रुवारी

हॉलमध्ये येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांकडे ७५०डी आहे. एका तासासाठी मागितली. माझीच ५० एमएम लावली, तीच सेटिंग. पहिल्या चाळीस फोटोंत तसाच पिवळा-पांढरा गोंधळ. मी हिरमुसून कॅमेरा परत द्यायला गेले. ते म्हणाले, "अहो, मेनूत चालू केलंत का?" केलं नव्हतं. अँटी-फ्लिकर मुळात बंद असतं.

चालू केल्यावर ६० फोटो काढले. बिघडलेले ३. हॉलच्या एका कोपऱ्यात वेगळ्या फेजवरचे दिवे असावेत, तीनही तिथलेच. त्याची किंमतही दिसली. लागोपाठ फ्रेमचा वेग थोडा मंदावतो आणि बटण दाबल्यावर किंचित थांबल्यासारखं वाटतं. ठोका अर्धा पाऊल आधी ओळखून दाबावं लागतं. दहा मिनिटांत बोटाला सवय झाली. आणि ही सोय व्ह्यूफाइंडरमधून काढतानाच चालते, मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूत नाही.

यादी आता तीनवर: ७५०डी, ८००डी, ८०डी.

७ फेब्रुवारी

फोकसचा हिशेब. बॅडमिंटनमध्ये जाळी ही फोकसची वैरीण आहे. कोर्ट १३.४ मीटर लांब, पलीकडचा खेळाडू जाळीतून दिसतो, आणि मधला पॉइंट जरा घसरला की कॅमेरा जाळीचे धागे धरतो. फोटोत जाळीची गाठ न् गाठ मोजता येते आणि मागे माणूस धूसर. ११००डीत बाजूचे पॉइंट मंद उजेडात चाचपडतात, म्हणून मी सगळं मधल्या पॉइंटवर काढायचे आणि खेळाडू प्रत्येक फोटोत मधोमध.

७५०डीत १९ पॉइंट, ८००डी आणि ८०डीत ४५, तिन्हीत सगळे क्रॉस प्रकारचे. वेग अनुक्रमे ५, ६ आणि ७ फ्रेम. ८०डीला पेंटाप्रिझम, सेटिंग बदलायची दोन चाकं, आणि लेन्सनुसार फोकस पुढे-मागे करून घ्यायची सोय. पण ७३० ग्रॅम, आणि भावही चढा. ८००डी ५३२ ग्रॅम, माझ्या ११००डीपेक्षा ३७ ग्रॅमच जास्त. मला तीन-तीन तास कॅमेरा डोळ्याला लावून बसायचं असतं, आणि मनगट दुखरं आहे. ८००डी ठरवली, सेकंडहँड.

८०डीतली ती फोकस जुळवायची सोय मी त्या दिवशी हलक्यानं घेतली. पुढे भोवलं.

१२ फेब्रुवारी

चूक, आणि पैशांची. एक ८००डी बघितली. वरून अगदी नवी. विकणाऱ्यानं ताजा फोटो काढून फाइलचं नाव दाखवलं, क्रमांक २३१६. "फक्त तेवीसशे फोटो झालेत." मी इसार देऊन आले.

रात्री माझ्याच कॅमेऱ्याचे फोटो चाळताना आठवलं की माझाही क्रमांक ९९९९ नंतर परत ०००१ होतो. आणि सेटिंगमधून कुणीही तो केव्हाही शून्यावर आणू शकतं. निकॉनच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडलं ती खरी संख्या सहसा लिहिलेली सापडते, कॅननच्या फोटोत ती नसते. कॅमेरा यूएसबी केबलनं जोडून, ती वाचणारा प्रोग्रॅम चालवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले. आकडा निघाला ६१ हजारांच्या वर. त्या माणसानं फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही तो क्रमांकच खरा वाटत होता, चेहऱ्यावर दिसलं. सौदा मोडला, निम्मा इसार परत मिळाला. बुडाले ५ (बॉडी १०० च्या मापानं).

१८ फेब्रुवारी

दुसरी ८००डी. यावेळी काय तपासलं ते क्रमानं लिहिते, कारण हे कुणी नीट सांगत नाही.

आधी शटरची संख्या, १४ हजार. मग लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो, त्यात लाल-निळे चमकते ठिपके किती ते मोठं करून बघितलं. थोडे होते, तेवढे असतात. मग एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो, सेन्सरवरची धूळ दिसायला. धूळ होती, पण फुंकणीनं गेली. बुरशीचे जाळ्यासारखे डाग नव्हते. पडद्याचा बिजागर सगळीकडे फिरवून बघितला, कारण वळणाऱ्या पडद्याची तीच दुखरी नस. माउंटची पट्टी घासलेली होती पण वाकलेली नव्हती. माझी ५० एमएम लावून एफ/१.८ पासून एफ/१६ पर्यंत लागोपाठ फोटो, लेन्समधली पाती अडकतात का ते बघायला. शेवटी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली १/५०० वर दहा फ्रेम, अँटी-फ्लिकर बंद आणि चालू. बंद असताना ओळखीचा मळकट पिवळा, चालू केल्यावर दहाही सारख्या.

घेतली. बॉडी १००.

लपलेले खर्च लगेच आले. बॅटरी एलपी-ई१७, माझ्या जुन्या दोन्ही निकामी. जादाची स्वस्त बॅटरी घेतली तर ती मूळ चार्जरमध्ये चार्जच होईना. बदलून त्याच बनावटीच्या चार्जरसह घेतली, ८. फाइल मोठ्या, म्हणून नवं कार्ड, ७. रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) दोन्ही कॅमेऱ्यांच्या सीआर२ प्रकारच्याच, म्हणून वाटलं जुना प्रोग्रॅम चालेल. नाही चालला, नव्या मॉडेलच्या फाइल त्याला उघडता येईनात, आवृत्ती बदलण्यात एक संध्याकाळ गेली.

२४ फेब्रुवारी

८००डी आणि ५० एमएम, हॉलमध्ये. ३८८ फोटो, टाकलेले १४९. हललेले २८, फोकस ५३, क्षण हुकलेले ४१, रंग-उजेड ७, इतर २०. रंग १२६ वरून ७! जाळीच्या पलीकडचे कितीतरी फोटो पहिल्यांदाच धारदार आले. पॉइंटचा छोटा झोन उजवीकडे सरकवून भाचीला कडेला ठेवता येतं, आणि समोर ती जिकडे बघतेय ती मोकळी जागा फोटोत येते. क्षण हुकायला आता बहुतेक मीच कारणीभूत, सराव हवा.

अडचण एकच, ५० एमएम पलीकडच्या खेळाडूला फार लहान दाखवते. ८५ एमएम एफ/१.८ यूएसएम शोधायला लागले. जुनी रचना आहे, १९९२ ची, पण फोकस झटकन घेते. सेकंडहँड मिळाली, ६०.

२ मार्च

८५ नं घोर निराशा केली. शंभरेक फोटोंत भाचीचा चेहरा मऊ आणि पुढे धरलेली रॅकेट धारदार. एफ/२ वर सात मीटरवर जेमतेम अर्धा मीटर खोली फोकसमध्ये असते, तेवढ्यात कॅमेरा पुढे धरत होता.

घरी तीन काड्यापेट्या तिरप्या ओळीत, एकीपासून दुसरी दहा सेंटिमीटर मागे. फोकस मधल्या पेटीवर, दोन मीटरवरून. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो: नवांत पुढची पेटी स्पष्ट. लाइव्ह व्ह्यूतून दहा: दहाही मधल्या पेटीवर अचूक. लाइव्ह व्ह्यूत सेन्सर स्वतःच फोकस बघतो, म्हणून तो चुकत नाही. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसचं काम आरशाखालचा वेगळा सेन्सर करतो, आणि त्याचं या लेन्सशी जुळत नाही. ५० एमएम त्याच चाचणीत ठीक निघाली.

८०डी असती तर मेनूत जाऊन आकडा बदलून पाच मिनिटांत हे मिटलं असतं. ८००डीत ती सोय नाही. लाइव्ह व्ह्यूतून काढावं तर अँटी-फ्लिकर जातं. दोन्हींत अडकले.

मोठ्या अ‍ॅपर्चरच्या जुन्या लेन्स लावणार असाल तर ही एक ओळ तक्त्यात नक्की बघा. मनगटाचं कारण मला आजही पटतं, पण तेव्हा मी हा हिशेब मांडलाच नव्हता.

५ मार्च

बॉडी आणि लेन्स दोन्ही जुळवायला दुरुस्ती केंद्रात दिल्या. एकटी लेन्स देऊन भागत नाही, जोडी लागते. खर्च १२. अकरा दिवस कॅमेरा नाही, आणि मधली एक स्पर्धा गेली. त्या दिवशी जुनी ११००डी आणि ५० एमएम घेऊन गेले, रंगांचा तोच खेळ.

आतापर्यंतची बेरीज: बॉडी १००, लेन्स ६०, जुळवणी १२, बॅटरी-चार्जर ८, कार्ड ७, बुडालेला इसार ५. एकूण १९२. ठरवताना मी फक्त शंभराचा विचार केला होता.

१६ मार्च

परत मिळाली. काड्यापेट्या पुन्हा मांडल्या. व्ह्यूफाइंडरमधून दहांत आठ मधल्या पेटीवर, दोन किंचित मागे. एफ/१.८ ला एवढं मला मान्य आहे. हॉलमध्ये एफ/२.२ वर ठेवणार.

२३ मार्च

८५ एमएम, एफ/२.२, १/६४०, आयएसओ ३२००, अँटी-फ्लिकर चालू. कोर्टाच्या मागे कोपऱ्यात बसून ३५२ फोटो. टाकलेले १०६, त्यात फोकसचे ३४, रंगाचे ५. हललेले १९, बाकी हुकलेले आणि किरकोळ. जाळीनं अजून अधूनमधून फोकस पळवला. झोनऐवजी एकच पॉइंट धरून पुढच्या खेपेला बघणार आहे.

घरी भाचीनं सर्व्हिसची एक ओळ लागोपाठ सहा फ्रेम पुढे-मागे करून बघितली. सहाही फ्रेमचा रंग एक, म्हणून पायाची जागा कशी बदलतेय ते सलग दिसत होतं. चौथ्या फ्रेमवर ती थांबली आणि मोठं करून म्हणाली, "मावशी, हे बघ. माझा डावा बूट रेषेवर आहे." होता खरा, टाचेचा जेमतेम बोटभर भाग. तिनं क्रमांक लिहून घेतला, उद्या सरांना दाखवायला.